भानुमतीचा कालवा

फार उत्तरेला, जिथे हिवाळ्यात सूर्य जेमतेम डोकं वर काढतो आणि लगेच बुडतो, तिथे अर्कसेन नावाच्या राजाचं एक बेट होतं. थंडी तिथल्या लोकांच्या पाचवीलाच पुजलेली. म्हणूनच की काय, ते आपल्या मुलांची नावं सूर्यावरून आणि उन्हावरून ठेवत. राजाची प्रधान होती भानुमती.

भानुमती हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला ठाऊक होतं. पूल, धक्के, बंधारे ह्या कामांत तिचा हात धरणारं बेटावर कुणी नव्हतं. काम हाती घेतलं की ते ती तडीस नेई. ‘बघू’, ‘जमलं तर करू’ असले शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. राजाचा तिच्यावर एवढा भरवसा, की ती दरबारात बोलायला उभी राहिली की तो आधीच मान डोलवायला लागे.

बेटाच्या दक्षिणेला बंदर होतं. एवढ्या उत्तरेला असूनही ते कधी गोठत नसे. दूरच्या दक्षिण समुद्रातून एक ऊबदार प्रवाह वाहत येई आणि बेटाला वळसा घालून पुढे निघून जाई. लोक त्याला ‘ऊनपाणी’ म्हणत. कडाक्याच्या थंडीतही त्याच्यावर वाफ तरंगत असे. त्याच्या मागोमाग मासळी येई. त्याच्यावरून येणारा वारा पाऊस आणी आणि त्या पावसावर टेकड्यांच्या उतारावर सातू पिके. ऊनपाणी कुठून येतं हे लहान पोरसुद्धा सांगू शके. ते पुढे कुठे जातं, हे मात्र कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

ते जाई बेटाच्या उत्तर टोकाला, उजाड खाडीकडे. तिथे झाड नव्हतं, घर नव्हतं, पाण्यात गळाला लागेल असा मासा नव्हता. हिवाळ्यात तिथे ध्रुवाकडून असा वारा सुटे की पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला रे धरला, की वारा तो मोडून दूर समुद्रात लोटून देई. पाणी उघडं पडे, पुन्हा पापुद्रा धरे, पुन्हा वारा तो मोडे. सगळा हिवाळा हेच चाले. खाडीचं नाव निघालं की लोक नाक मुरडत. आया हट्टी पोरांना सांगत, “गप बस, नाहीतर उजाड खाडीवर नेऊन सोडीन!”

बेटाच्या मधोमध मात्र एक सुंदर खोरं होतं. माती काळीभोर, वाऱ्याला आडोसा. पण त्याचा उपयोग कुणाला होत नसे. धवला नावाची नदी डोंगरावरच्या बर्फातून निघे, उन्हाळाभर त्या खोऱ्यात पसरून बसे आणि मग रमतगमत, अनेक ओहोळांनी, पश्चिमेच्या समुद्राला मिळे. बेटावरची सगळ्यांत चांगली जमीन अशी पाण्याखाली जाई आणि माणसं मात्र टेकड्यांच्या खडकाळ उतारांवर सातूची चार कणसं काढत.

भानुमती एकदा घोड्यावरून त्या खोऱ्याच्या कडेने चालली होती. उत्तरेकडच्या बाजूला तिला डोंगराची एक ठेंगणी खिंड दिसली. खिंडीपलीकडे उजाड खाडी. तिने घोडा तिथेच थांबवला, आणि खाली उतरून खिंड पावलांनी मोजायला सुरुवात केली.

“महाराज,” दुसऱ्या दिवशी ती दरबारात म्हणाली, “हे पाणी आपल्याला नको आहे आणि ती खाडी कुणालाच नको आहे. नको असलेलं पाणी नको असलेल्या जागी सोडून देऊ.”

राजाने मान डोलावली.

काम सोपं नव्हतं. खडक कठीण होता. भानुमती स्वतः गुडघाभर चिखलात उभी राहून काम करून घेई. लोक थकले की ती त्यांच्या हातातली पहार घेई आणि दोन घाव घालून परत देई. शेवटी खिंडीतला शेवटचा खडक फुटला. धवलेचं पाणी क्षणभर त्या फटीपाशी घुटमळलं आणि मग गर्जत उत्तरेकडे वळलं. लोकांनी टोप्या हवेत उडवल्या.

त्याच उन्हाळ्यात खोरं कोरडं पडलं, आणि भानुमतीने उतारावरच्या लोकांना खाली बोलावलं. सर्वांत आधी खाली उतरली ती तपती नावाची एक बाई. कणखर, तोंडाने फटकळ. वरच्या उतारावर तिने आयुष्यभर दगड वेचले होते. नवरा, मुलं आणि मेंढ्या घेऊन ती आली, आणि काळ्या मातीत हात खुपसून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. तिच्या मागून आणखी कुटुंबं आली. गाव वसलं. गावाचं नाव त्यांनी भानुवाडी ठेवलं. हे कळल्यावर भानुमती म्हणाली, “कशाला उगीच!” पण तेव्हापासून कुठेही जायचं असलं तरी तिचा रस्ता भानुवाडीवरून जाऊ लागला.

उजाड खाडीही बदलली. नदीचं गोडं पाणी खाडीच्या पाण्यावर सायीसारखं पसरलं. हिवाळा येताच ते गोठलं, आणि असं जाड गोठलं की वाऱ्याला ते मोडता येईना. खाडी शांत झाली. बर्फ इतका गुळगुळीत धरला की पोरं त्यावर घसरायला जाऊ लागली.

“खाडीसुद्धा माणसाळली,” लोक म्हणाले.

काही वर्षं अशीच सुखात गेली.

भानुमतीचा धाकटा भाऊ मिहीर गलबताचा नाखवा होता. दर वर्षी तो दक्षिणेच्या बंदरांना माल घेऊन जाई आणि थंडी पडायच्या आत परते. एका वर्षी तो फार उशिरा आला. दाढीत हिमाचे कण अडकलेले, तळहात सोललेले. भानुमतीने त्याला चुलीपाशी बसवलं आणि गरम पेज पुढे ठेवली. पेज तशीच ठेवून तो म्हणाला, “ताई, ऊनपाणी अशक्त झालंय.”

“पाणी अशक्त होत नाही, मिहिरा. माणसं होतात.”

“येताना मी गलबत त्याच्या अंगावर टाकायचो. ते आपसूक घरी आणून पोचवायचं. ह्या खेपेला वल्ही मारून मारून आमचे हात गेले.”

“वारा उलटा असेल.”

“वारा पाठीशी होता.” मिहीरने पेजेचं भांडं हातात घेतलं. “आणि तिकडे दक्षिणेला निराळीच तऱ्हा. पाणी तापून जागच्या जागी साचलंय, पुढे सरकायचं नाव नाही. वादळं वाढलीत. पाऊस आपली वाट सोडून भलतीकडेच पडतोय. तिथली माणसं मला विचारत होती, तुमच्या उत्तरेला काही झालंय का?”

“मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, घरी जाऊन ताईला विचारतो.”

भानुमती हसली. पण त्या हिवाळ्यात बंदराच्या कडेकडेने बर्फ धरला. म्हाताऱ्यांनाही असं पूर्वी झाल्याचं आठवत नव्हतं. पुढच्या वर्षी मासळी निम्म्यावर आली आणि कापणीची वेळ झाली तरी सातूची कणसं हिरवीच राहिली. त्यापुढच्या हिवाळ्यात बंदर पूर्ण गोठलं. गलबतं बर्फात रुतून बसली, आणि रात्री त्यांच्या फळ्या कडकडू लागल्या. माणसं घरातली बाकडी फोडून चुलीत घालू लागली. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं आजारी पडली. काही दगावली.

तेव्हा लोक हळू आवाजात बोलू लागले. आधी सगळं ठीक होतं. मग नदी वळवली. नदी देवाने जशी सोडली होती तशीच राहू द्यायला हवी होती.

ही कुजबुज भानुमतीच्या कानावर गेली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दरबार भरलेला असताना ती उभी राहिली. “कालवा उत्तरेला आहे आणि बंदर दक्षिणेला. मध्ये अख्खं बेट आहे! दोघांचा संबंध काय? महाराज, पुढच्या दरबारात मी सगळ्यांसमोर प्रयोग करून दाखवते. समुद्र कसा चालतो ते लोकांना डोळ्यांनी पाहू दे, म्हणजे ही बडबड कायमची थांबेल.”

राजाने मान डोलावली. लोकांनाही बरं वाटलं. प्रधानबाई दाखवतील म्हणजे दाखवतीलच.

दरबाराच्या आदल्या दिवशी सकाळी भानुमतीने आपल्या कामाच्या खोलीत तयारी केली. तिच्याकडे काचेच्या बाजू असलेली एक लांब, अरुंद डोण होती. ती तिने समुद्राच्या खाऱ्या पाण्याने भरली. एका टोकाला गरम पाण्याचं तांब्याचं भांडं बुडवून ठेवलं, ही दक्षिण. दुसऱ्या टोकाला बर्फाने भरलेलं भांडं, ही उत्तर. मग पाणी कसं चालतं ते दिसावं म्हणून गरम टोकाला बिटाचा लाल रस थेंब थेंब सोडला.

लाल रेघ वरच्या वर सरकत उत्तरेकडे निघाली. भानुमतीला हे अपेक्षितच होतं. पुढे जे झालं त्याकडे मात्र ती वाकून पाहू लागली. रेघ बर्फापाशी पोचली, गार झाली आणि सरळ खाली बुडाली. अगदी तळापर्यंत. मग तळातून हळूहळू मागे, दक्षिणेकडे परत निघाली. वरून जाणं आणि खालून येणं, असं एक मोठं चक्र डोणीत फिरू लागलं.

तिने बर्फाचं भांडं उचलून पाहिलं. दुसऱ्या टोकाला गरम भांडं तसंच होतं, तरी चक्र मंदावलं आणि थांबलं. भांडं पुन्हा ठेवलं. पाणी पुन्हा बुडू लागलं आणि चक्र पुन्हा फिरू लागलं.

भानुमतीला उजाड खाडी आठवली. तिने दरबारात दाखवायला आणलेला कालव्याच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि त्यातलं निम्मं पाणी बर्फाच्या टोकाला अगदी हलकेच ओतलं. गोडं पाणी हलकं. ते बुडालं नाही. खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं पसरून राहिलं. बर्फाचा गारवा त्या झाकणातच अडकला. खालचं खारं पाणी गार होईना, म्हणून ते बुडेना. पुढचं पाणी बुडेना, म्हणून मागच्याला जागा होईना. लाल रेघ निम्म्या वाटेवर आली आणि तिथेच घोटाळत राहिली.

ती स्टुलावर बसली. आता तिला सगळं लख्ख दिसत होतं. वारा पाठीमागून ढकलत असेल, पण तेवढ्याने ऊनपाणी एवढ्या लांबवर येत नव्हतं. पुढे उजाड खाडीत पाणी बुडत होतं आणि मागच्याला ओढून घेत होतं. समुद्राचं पाणी गोठतं तेव्हा मीठ गोठत नाही, ते बर्फाखालच्या पाण्यात उतरतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. म्हणूनच तर समुद्रावरचा जुना बर्फ वितळवून पिता येतो. मग त्या खाडीत वारा सगळा हिवाळा पापुद्रे मोडत होता, तो काय करत होता? नवानवा बर्फ धरवत होता. प्रत्येक पापुद्रा आपलं मीठ खाली सोडत होता आणि खालचं पाणी जास्त गार, जास्त खारं, जास्त जड होऊन बुडत होतं. जिला सगळ्या बेटाने निरुपयोगी ठरवलं होतं, ती खाडी बेटाची ऊब ओढून आणत होती. दक्षिणेच्या बंदरांचा साचलेला उकाडाही तीच वाहून आणत होती. आणि तिने, भानुमतीने, तिच्यावर झाकण ठेवलं होतं.

फळीवर मिठाची बरणी होती.

तिच्याकडे भानुमतीची नजर गेली आणि तिथून हलेना. तांब्यात मूठभर मीठ टाकलं तर? मग ते पाणी जड होईल आणि बाकीच्याबरोबर बुडेल. चक्र फिरत राहील. ती उठली. डोण रिकामी करून तिने सगळी मांडणी पुन्हा केली, तांब्यात मूठभर मीठ टाकलं, ढवळलं आणि ओतलं. लाल रेघ झोकात गेली, झोकात बुडाली. चक्र आधीपेक्षाही जोरात फिरू लागलं. दरबारात हे दाखवलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. भानुवाडी राहिली असती. तिचं नाव राहिलं असतं.

कितीतरी वेळ ती त्या सुंदर लाल चक्राकडे पाहत उभी होती.

मग ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, “दरबाराला फसवता येईल. समुद्राला फसवायचं तर मीठ कुठून आणायचं?”

तिने तांब्यात उरलेलं पाणी बाहेर भिरकावून दिलं, तांब्या स्वच्छ विसळला आणि घोड्यावर बसून कालव्याचं ताजं पाणी भरून आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी दरबारात पाय ठेवायला जागा नव्हती. भानुवाडीची माणसं सगळ्यांत पुढे बसली होती. प्रधानबाईंची बाजू घ्यायला आली होती ती. तपतीने तर मागच्या लोकांना आधीच दटावून ठेवलं होतं. मिहीर दाराशी उभा होता.

भानुमतीने गरम भांडं ठेवलं, बर्फाचं भांडं ठेवलं, लाल रस सोडला. चक्र फिरू लागलं तशी लोकांनी वाहवा केली. मग तिने तांब्या वर धरला.

“हे माझ्या कालव्याचं पाणी,” ती म्हणाली, आणि ते खाडीच्या टोकाला ओतलं.

लाल रेघ थांबली. दरबारही थांबला. राजाची मान डोलता डोलता मध्येच अडकली.

“प्रधानबाई,” तो म्हणाला, “हे तुम्ही चुकून उलटं तर नाही ना दाखवलंत?”

“नाही महाराज. उलटं मी आधी केलं होतं. आज दाखवते आहे ते सरळ आहे.”

तपती उठून उभी राहिली. “म्हणजे? आमच्या घरांचं काय?”

“खोरं पुन्हा पाण्याखाली जाईल.”

“तुम्हीच आम्हाला खाली बोलावलंत!”

“हो. मीच बोलावलं.”

“मग आता ‘चुकले’ म्हणून मोकळ्या होणार?”

“मोकळी होणार नाही, तपतीबाई. कालवा मी खणला, बुजवणारही मीच. पण आधी तुमचं एकेक घर वर नेऊन उभं करीन, मग खिंडीत पहिला दगड टाकीन.”

एका मंत्र्याने घसा खाकरला. “महाराज, एवढी घाई कशाला? आणखी एखाद-दोन हिवाळे वाट पाहू. कदाचित ऊनपाणी आपलं आपणच परत येईल.”

“वाट पाहण्याएवढं जळण तुमच्या घरी असेल,” भानुमती म्हणाली. “बंदरावर नाही.”

राजा उठला. सिंहासनावरून उतरून तो डोणीपाशी आला. बर्फाच्या टोकाला वरच्या पाण्यात त्याने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. ते गोडं लागलं. मग कोपरापर्यंत हात बुडवून तळाचं पाणी बोटाला लावलं आणि तेही चाखलं. त्याने तोंड वाकडं केलं.

“आणि बुजवूनही ऊनपाणी आलं नाही तर?” त्याने विचारलं.

“तर मी दोनदा चुकले असं होईल, आणि तुम्ही दुसरा प्रधान नेमा. पण बुजवलं नाही तर ते येणार नाही, एवढं मी छातीठोक सांगते.”

राजाने पहिल्यांदाच मान न डोलवता विचार केला. मग म्हणाला, “बुजवा.”

घरं वर नेण्याचं काम कालवा खणण्यापेक्षा अवघड निघालं. खणताना लोक गाणी म्हणत होते. आता कुणी बोलतसुद्धा नव्हतं. भानुमती रोज भानुवाडीत जाई. वासे उतरवायला हात लावी, दाराच्या चौकटी खांद्यावर घेऊन चढण चढे. तपती तिच्याशी अवाक्षर बोलली नाही. तिच्या घराची चौकट भानुमती उचलायला गेली तेव्हा ती नुसती मध्ये येऊन उभी राहिली, आणि चौकट तिने एकटीने उचलली. शेवटचं घर वर गेलं तेव्हा खिंडीत दगड पडू लागले. पहिला दगड भानुमतीने ढकलला. नदी अडली, तुंबली, आणि मग जुन्या वाटेने खोऱ्यात उतरली. नांगरलेल्या तासांवरून पाणी चढत गेलं. भानुमती ते शेवटपर्यंत पाहत राहिली. तिथून निघून जाणं तिला बरोबर वाटलं नाही.

त्या हिवाळ्यात बंदर पुन्हा गोठलं.

लोक चिडले. खोरंही गेलं आणि बंदरही. भानुमती रस्त्याने जाताना माणसं तोंड फिरवत. तिने कुणाला काही समजावलं नाही. विचारलंच कुणी, तर ती शांतपणे सांगे, “अनेक वर्षं गोडं पाणी साचत होतं. ते निघून जायला वेळ लागेल. पण निघून जाईल.” तिच्या आवाजात पूर्वीसारखाच ठामपणा होता. फरक एवढाच की आता ती दर आठवड्याला उजाड खाडीवर जाऊन स्वतः पाहून येई.

पुढच्या हिवाळ्यात खाडीच्या तोंडाशी बर्फाला एक भेग गेली. वाऱ्याने ती ओढून ओढून रुंद केली. तिच्यातून काळंशार पाणी दिसू लागलं. भानुमती काठावर उभी होती. वाऱ्याने गाल सोलून निघत होते, डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठत होतं, आणि ती एकटीच मोठ्याने हसत होती.

त्याच्याही पुढच्या हिवाळ्यात, एका सकाळी, बंदरावरच्या बायकांना समुद्रावर वाफ दिसली. आधी त्यांचा विश्वास बसेना. एकीने जोडे काढून पाण्यात पाय घातला आणि आनंदाने किंचाळली, आणि मग सगळ्याच पाण्यात शिरल्या. काही दिवसांनी मासळी आली. दक्षिणेकडून आलेल्या गलबतांनी सांगितलं की तिकडची वादळं शमली आहेत आणि पाऊस आपल्या जागी परतला आहे. राजाने भानुमतीला शाल दिली. ज्या माणसांनी तोंड फिरवलं होतं ती आता थांबून नमस्कार करू लागली.

हिवाळा सरता सरता तपती भानुमतीच्या दारात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“समुद्र बरा झाला,” ती उभ्याउभ्याच म्हणाली.

“झाला.”

“मग आता कालव्यातून थोडं पाणी सोडू या. सगळी नदी नको. अर्धी सोडा, पाव सोडा. आमची निदान थोडी जमीन तरी उघडी पडेल. एवढ्याशाने काय बिघडतं?”

भानुमतीने दारामागचा फरचा जाड अंगरखा काढला आणि तपतीपुढे धरला.

“खोटं कशाला बोलू, मलाही हाच मोह होतो,” ती म्हणाली. “तो झाला की मी खाडीवर जाऊन येते. आज तुम्हीही चला.”

दोघी घोड्यांवरून उत्तरेला गेल्या. खिंडीच्या पलीकडे वारा असा अंगावर आला की तपतीला घोड्यावरून उतरून खडकाला धरून उभं राहावं लागलं. तिच्या डोळ्यांसमोर पाण्यावर बर्फाची पातळ साय धरत होती, मोडत होती, वाहून जात होती. उघड्या पाण्यातून धूर निघत होता. आसपास जिवंत असं काही नव्हतं. तरी त्या काळ्या पाण्याकडे पाहताना असं वाटत होतं की इथे कुणीतरी जिवाच्या आकांताने काम करतं आहे.

“हे असं सारखं चालतं?” तपतीला ओरडून विचारावं लागलं.

“सगळा हिवाळा. कुणी बघायला नसतानाही.”

तपती पाहत राहिली. तिच्या अंगरख्याच्या कडांवर हिम साचलं. परतीच्या वाटेवर खोऱ्याच्या कडेशी आल्यावर तिने घोडा थांबवला. अजून गोठलेल्या पाण्यातून जुन्या भानुवाडीच्या चुलींचे दगड वर डोकावत होते.

“उन्हाळ्यात इथे पाणी चढतं, शरदात उतरतं,” तपती म्हणाली. “उतरल्यावर गवत होईल, मेंढ्या राहतील. पण घरं उंच खांबांवर बांधावी लागतील.”

“खांब मी बांधून देते,” भानुमती म्हणाली.

“बांधून नको. शिकवा. आमचे आम्ही बांधू.”

भानुमती घोड्यावरून उतरली, एक काटकी उचलली आणि बर्फावर पहिल्या खांबाची जागा आखू लागली. तपती तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, “एवढा नाही, आणखी उंच.”

तात्पर्य: जी जागा आपल्याला ओसाड आणि बिनकामाची वाटते, तिच्यावरच कदाचित आपलं सगळं चाललेलं असतं. म्हणून तिला हात लावण्याआधी ती काय करते ते नीट पाहावं; आणि हातून चूक झालीच, तर ती झाकू नये, आपल्याच हातांनी निस्तरावी.